कागद वर गेलाच नाही

सभेत सगळे एका सुरात ‘मंजूर’ म्हणाले की माझं डोकं अजूनही फिरतं. ठराव कसलाही असो, कोजागरीच्या दुधाचा असो की झेंडावंदनाच्या पाहुण्याचा. त्या ‘मंजूर’च्या आधी कुणीतरी ‘थांबा’ म्हणायला हवं, असं वाटत राहतं. सतरा वर्षांपूर्वी कलकत्त्यातल्या आमच्या मंडळाच्या सर्वसाधारण सभेला मी पहिल्यांदा गेले, तेव्हा ते म्हणणारं माणूस होतं.

त्या दिवशी विषय होता सहलीचा. अध्यक्षांनी तारीख वाचली, “मंजूर?” असं विचारलं, तीस-चाळीस तोंडं एकदम उघडली, आणि मागच्या रांगेतून एक काटकुळा हात वर आला.

“थांबा,” आवाज आला. “काहून?”

काहून म्हणजे का. नागपूरकडचा शब्द. बोलणाऱ्या बाई साठी ओलांडलेल्या, उंचीनं एवढ्याशा, खांद्याला कापडी पिशवी. अध्यक्ष कंटाळून म्हणाले, “इंदूताई, सहलीला जायचं, त्यात काहून काय?”

“जायचं ते कळलं. याच तारखेला काहून? त्या आठवड्यात पोरांच्या परीक्षा आहेत. पोरांना विचारलं कुणी?”

कुणीच विचारलं नव्हतं. तारीख पुढे गेली, आणखी पुढे गेली, आणि शेवटी सहल भर एप्रिलमध्ये निघाली. उन्हानं सगळ्यांची तोंडं काळवंडली आणि सगळ्यांनी इंदूताईंच्या नावानं खडे फोडले. मीही फोडले. त्या माउलीनं बसमध्ये सगळ्यांना कैरीचं पन्हं वाटलं आणि वर म्हणाल्या, “चांगलं झालं. डिसेंबरात पन्हं कुठलं मिळालं असतं?”

इंदूताई लांजेवार मूळच्या नागपूरच्या. लग्नाआधी तिथे हायस्कुलात नागरिकशास्त्र शिकवायच्या. यजमान रेल्वेत, बदलीवर कलकत्त्याच्या दक्षिणेला गार्डन रीचला आले आणि कायमचे राहिले. इंदूताईंनी इथल्या एका शाळेतही नागरिकशास्त्रच शिकवलं, आधी इंग्रजीतून, मग हिंदीतून, अडलं तर बंगालीतून. मूलबाळ नव्हतं. यजमान गेल्यावर सगळा जीव मंडळात. शहरातलं मोठं, जुनं मंडळ वेगळं. आमचं उत्तरेकडचं, छोटं, बागबाजारातल्या एका जुन्या घरात भरणारं. मराठ्यांना शहराबाहेर ठेवायला इंग्रजांनी खंदक खणला तो याच बागबाजारातून सुरू व्हायचा, आणि आम्ही नेमके त्याच्या तोंडाशी गणपती बसवतो. शेजारचे म्हातारे अजून थट्टेनं आम्हाला ‘बर्गी’, म्हणजे लुटायला आलेले मराठे स्वार, म्हणतात. घर दोन भागांचं. खाली दिवाणखाना, वर जिना चढून गेलं की एक लांबट खोली.

त्या दोन भागांवरूनच इंदूताईंनी आमच्या मंडळाची घटना लिहिली होती. खाली पंधरा जणांची कार्यकारिणी. वर बारा जणांचं ज्येष्ठ मंडळ. कार्यकारिणीनं केलेला प्रत्येक ठराव कागदावर लिहून वर जायचा. वरच्यांना तो पटला नाही तर ते तीस दिवस धरून ठेवणार, कारणं लिहून परत पाठवणार. खालच्यांनी पुन्हा तोच ठराव केला तर आणखी पंधरा दिवस. त्यानंतर वरच्यांचं काही चालायचं नाही, ठराव पास. मला हे सगळं ऐकून हसूच आलं होतं. चाळीस घरांचं मंडळ, त्याला दोन सभागृहं!

“हसतेस काहून?” इंदूताई म्हणाल्या. “राज्याच्या विधान परिषदेचंही असंच आहे. साधं विधेयक पहिल्यांदा तीन महिने, दुसऱ्यांदा एक महिना. मग संपलं. तिला अडवता येत नाही. थांबवता येतं. अडवणं वेगळं, थांबवणं वेगळं.”

हा त्यांचा वडिलोपार्जित विषय होता. त्यांचे वडील नागपूरच्या विधानभवनात शिपाई होते. एरवी शांत असलेली ती इमारत हिवाळी अधिवेशनाला जागी व्हायची, आणि वडिलांचं काम असायचं कागद पोचवायचं, विधानसभेकडून परिषदेकडे, परिषदेकडून विधानसभेकडे. घरी येऊन ते पाय चेपायला सांगायचे आणि म्हणायचे, “कागद तिकडे पोचेस्तोवर इकडच्याइचा राग उतरते, पोरी. मी मुद्दाम हळू चालतो.” इंदूताई हे सांगताना वडिलांसारखं पाय ओढत चालून दाखवायच्या.

आमच्याकडे कागद न्यायचं काम निमाईदांचं. ते घराची राखण करायचे, चहा करायचे. खालून ठराव निघाला की ते चहाच्या ट्रेमध्ये कागद ठेवून जिना चढायचे आणि दारात उभे राहून म्हणायचे, “दिदिमोनी, कागोज एशेछे.” कागद आला आहे. इंदूताई खुर्चीतून उठून तो दोन्ही हातांनी घ्यायच्या, मग तो सतरंजी धुवायला टाकायचा ठराव का असेना.

माझी मुलगी ईशा पाच वर्षांची झाली तेव्हा मी तिला इंदूताईंच्या शनिवारच्या मराठी वर्गात घातलं. तोही त्याच वरच्या खोलीत. इथे वाढणाऱ्या मुलांचं मराठी घरात आईच्या ओरडण्यापुरतं उरतं. बाकी बंगाली, हिंदी, इंग्रजी. इंदूताईंकडे वीसेक मुलं यायची, कुणी सॉल्ट लेकहून, कुणी खिदिरपूरहून. त्या त्यांना गोष्टी सांगायच्या, शुद्धलेखन घालायच्या, आणि मधूनच नागरिकशास्त्रात शिरायच्या.

एकदा ईशानं शाळेतला पेपर रडत आणून दाखवला. ‘आपल्या राज्याच्या विधिमंडळात किती सभागृहं?’ तिनं लिहिलं होतं, दोन. बाईंनी लाल फुली मारली होती. मी तणतणत इंदूताईंकडे गेले. त्यांनी पेपर बघितला आणि डोक्यावर हात मारला. “बाई बरोबर आहेत. उत्तर पोरीचं चुकलं नाही, माझं चुकलं. मी नागपूरचं शिकवलं आणि राहते कलकत्त्यात.” त्या सोमवारी त्या गार्डन रीचहून बस बदलत ईशाच्या शाळेत गेल्या आणि त्या बंगाली बाईंना म्हणाल्या, फुली माझ्या नावावर लिहा. बाईंना काय करावं कळेना. त्यांनी इंदूताईंना चहा पाजला.

पुढच्या शनिवारी वर्गात थालीपीठ आलं. भलंमोठं, परातीएवढं. इंदूताईंनी सुरीनं त्याचे बारा तुकडे केले आणि सांगायला लागल्या. इंग्रजांच्या काळात आधी एकच परिषद, तीही लाटसाहेबाच्या मर्जीतली. मग हळूहळू तीत निवडून आलेली माणसं शिरली. मग एकोणीसशे पस्तीसच्या कायद्यानं बंगालला आणि मुंबईला दोन-दोन सभागृहं मिळाली. स्वातंत्र्यानंतरही दोन्हीकडे राहिली. “मग एकोणसत्तर साली बंगालनं वरचं सभागृह रद्द केलं. महाराष्ट्रानं ठेवलं. म्हणून तुमच्या आईबाबांच्या राज्यात दोन आणि तुमच्या राज्यात एक. कळलं?”

मग तुकडे. चार तुकडे आमदार निवडतात. चार नगरपालिका, जिल्हा परिषदा. एक पदवीधर, एक शिक्षक. दोन राज्यपाल नेमतात, साहित्य, विज्ञान, कला, सहकार, समाजसेवा यातल्या माणसांतून. प्रत्येक तुकडा एकेका मुलाच्या हातात. शिक्षकांचा तुकडा ईशाला मिळाला, लोण्याचा गोळा ठेवून.

“आणि राज्यपालांचे दोन तुकडे खरंच लेखकांना मिळतात?” मी मुद्दाम विचारलं.

इंदूताईंचा चेहरा उतरला. “मिळायला हवेत,” त्या म्हणाल्या. “पुष्कळदा निवडणुकीत पडलेल्या माणसाची सोय लावतात. पण सोय लावणारे कोण? खालचेच ना? मग सोय लावणं बंद करा. खोली काहून पाडता?”

पाच-सहा वर्षांपूर्वी इथल्या विधानसभेनं परिषद पुन्हा हवी असा ठराव केला, तेव्हा इंदूताईंनी वर्गाला पेढे वाटले होते. नुसता ठराव करून भागत नाही, दिल्लीत संसदेनं कायदा करावा लागतो. दर शनिवारी त्या पिशवी ठेवता ठेवता विचारायच्या, “दिल्लीहून काही आलं का गं?” काही आलं नव्हतं. अजून आलेलं नाही.

आता लोकांना वाटतं की वरची खोली म्हणजे म्हाताऱ्यांची हौस होती. त्यांना मी प्राजक्ताची गोष्ट सांगते. प्राजक्ता आमची साताऱ्याची पोर, नवरा बंगाली. एका गणपतीत या जावईबापूंनी मंडळात प्रसादाच्या जेवणाला मासे का नसतात म्हणून गमतीत विचारलं. गमतीतच विचारलं, मी शेजारी होते. पण कुणीतरी उलट बोललं, शब्दानं शब्द वाढला, आणि दुसऱ्याच दिवशी कार्यकारिणीनं ठराव केला, नवरा-बायको दोघंही मराठी असतील तरच सभासदत्व. एकमतानं. मी तेव्हा कार्यकारिणीत नव्हते, नाहीतर कदाचित मीही हात वर केला असता.

निमाईदा कागद वर घेऊन गेले. वरच्यांनी तो तीस दिवस धरून ठेवला. त्या तीस दिवसांत प्राजक्ता रडून गेली, तिचा नवरा शंकरपाळ्यांचा डबा घेऊन माफी मागून गेला, आणि ज्यांनी हात वर केले होते त्यांच्यापैकी तिघांच्या लक्षात आलं की आपल्याही पोरी इथेच कॉलेजात शिकताहेत. महिन्यानं ठराव परत आला तेव्हा त्याला हात लावायला कुणी तयार नव्हतं. तो आपोआप मेला. इंदूताईंनी कारणांच्या जागी एवढंच लिहिलं होतं, ‘राग उतरल्यावर पुन्हा पाहावे.’

इंदूताईंशी एका माणसाचं वैर सुरू झालं ते मतपत्रिकेवरून. ज्येष्ठ मंडळातल्या वस्तीनिहाय चार जागांची निवडणूक इंदूताई परिषदेच्या पद्धतीनं घ्यायच्या. म्हणजे शिक्का नाही, बरोबरची खूण नाही. नावासमोर आकडा लिहायचा, पहिली पसंती एक, दुसरी दोन. आणि तोही टेबलाला दोऱ्यानं बांधलेल्या जांभळ्या पेननंच. नागपूरला शिक्षक मतदारसंघात त्यांनी असंच मत दिलं होतं आणि ते त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात भारी मत होतं, असं त्या सांगायच्या. सूचना भिंतीवर लावली होती. खूण करू नका, सही करू नका, ‘एक’ असं अक्षरात लिहू नका.

त्या वर्षी राजवाडे उभे होते. सुधीर राजवाडे, एका खाजगी कंपनीत फार मोठे साहेब, बोलायला गोड. त्यांना मत देणारे सगळे शिकलेले. कुणी इंजिनियर, कुणी आयटीतले मॅनेजर, मी बँकेतली. मोजणी झाली आणि निम्म्याहून जास्त मतं बाद. राजवाड्यांच्या माणसांनी झोकात बरोबरच्या खुणा केल्या होत्या. खुद्द राजवाड्यांनी स्वतःपुढे खूण केली होती, आणि वर खिशातल्या निळ्या पेननं. मी आकडा नीट लिहून खाली सवयीनं सही ठोकली होती. निवडून आली खिदिरपूरची एक आजी, जिनं चौथीनंतर शाळा पाहिली नव्हती आणि भिंतीवरची सूचना दोनदा वाचली होती.

“अहो, मतदाराचा हेतू स्पष्ट आहे ना?” राजवाडे लालबुंद होऊन म्हणाले.

“हेतू स्पष्ट आहे. आकडा नाही,” इंदूताई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, “शिकलेल्या माणसाला सही करायची फार हौस असते गं.”

सगळे हसले. राजवाडे हसले नाहीत. त्या दिवसापासून खालच्या चहाच्या वेळी एक विनोद सुरू झाला की वरच्या सभागृहातले सगळे वर जायच्याच वाटेवर आहेत. इंदूताईंच्या कानावर तो गेला. त्या म्हणाल्या, “आधी खालून ठराव येऊ द्या, मग जाईन.”

तीन वर्षांनी राजवाडे अध्यक्ष झाले, आणि त्यांच्या यादीत मीही कार्यकारिणीवर गेले. माझं मला कौतुक वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. त्यांना वरची खोली हवी होती. मुंबई-पुण्याहून कंपन्यांची माणसं येतात, त्यांच्यासाठी चांगली, एसी पाहुण्यांची खोली करायची. शनिवारचा वर्ग ऑनलाइन भरवता येईल, हल्ली सगळं ऑनलाइनच असतं, असं ते म्हणाले. पण हा ठराव वर गेला असता तर इंदूताईंनी तो तीस दिवस धरला असता. तीस दिवसांत वीस मुलांच्या आया जाग्या झाल्या असत्या आणि जिन्यात येऊन बसल्या असत्या. राजवाड्यांना हे पक्कं माहीत होतं. म्हणून त्यांनी खोलीचा ठराव आणलाच नाही. त्यांनी आधी ठराव आणला ज्येष्ठ मंडळच रद्द करायचा.

आणि इथे मला संताप येतो, तो राजवाड्यांचा येतो तेवढाच मंडळाच्या घटनेचा येतो. ज्येष्ठ मंडळ रद्द करायला कार्यकारिणीची दोन तृतीयांश मतं पुरेत, वरच्यांना विचारायचं कारण नाही, असं कलम त्यात होतं. लिहिलं कुणी? इंदूताईंनी! मी धावत त्यांच्या घरी गेले होते, ठरावाची नोटीस आली त्या दिवशी. “ताई, असलं कलम तुम्ही घातलंत कशाला? ज्याला काढायचं त्यालाच विचारायचं नाही?”

“देशाच्या घटनेत तसंच आहे,” त्या म्हणाल्या. “परिषद बरखास्त करता येत नाही. ती कायम असते, दर दोन वर्षांनी तिसरा हिस्सा बदलतो. पण रद्द करता येते. विधानसभा ठराव करते, संसद कायदा करते. परिषदेला कोणी विचारत नाही.”

“पण आपल्याला बदलता आलं असतं!”

“मी स्वतःच्या सोयीचं कलम काहून लिहू?” त्या म्हणाल्या. “मग राजवाड्यांत आणि माझ्यात फरक काय राहिला?” मग माझ्यापुढे चहा ठेवत म्हणाल्या, “खाली पंधरा माणसं आहेत. एखादं तरी थांबा म्हणेल.” हे बोलताना त्या माझ्याकडे बघत होत्या. मी चहाचा कप बघत होते.

सभा बुधवारी संध्याकाळी ठेवली, कारण शनिवारी मुलं असतात. पंधराच्या पंधरा हजर. दहा हात लागणार होते. वर इंदूताई आणि ज्येष्ठ मंडळाच्या बारांपैकी आता उरलेले चौघं बसलेले. कार्यकारिणीच्या सभेत वरच्यांनी यायचं नाही, हा नियमही इंदूताईंचाच. मी बँकेतून थेट आले होते, पाय दुखत होते, ईशाची बारावी जवळ आलेली, घरी कुकर लावायचा होता. राजवाडे म्हणाले, “औपचारिकता आहे हो. चार म्हाताऱ्या माणसांचा त्रास कमी करतोय आपण. वर्गाला धक्का लागणार नाही, मी शब्द देतो.” आणि मग तो नेहमीचा प्रश्न, “मंजूर?”

हात वर जायला लागले. चिटणीस मोठ्यानं मोजत होते. नऊवर येऊन ते थांबले. पाच जण खाली मान घालून बसले होते. राजवाड्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हसून म्हणाले, “वहिनी?”

माझा हात वर गेला. कुणी धरून वर केला नाही, माझा मीच केला. दहा.

खोलीत सगळे एकदम बोलायला लागले. निमाईदा जिन्याच्या पायथ्याशी ट्रे घेऊन उभे होते. त्यांनी मला विचारलं, “कागोज देबेन ना?” म्हणजे कागद देणार नाही का. मी त्यांना मान हलवून नाही म्हटलं आणि जिना चढले. दुसरं कुणी वर जाऊन सांगायला तयार नव्हतं.

इंदूताई खुर्चीत ताठ बसल्या होत्या. समोर जांभळं पेन आणि कोरा कागद. मी दारात उभी राहिले. त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं.

“कागद येणार नाही, ताई.”

“हो. त्या ठरावाला वर यायचं नसतंच,” त्या म्हणाल्या. मग विचारलं, “कोणी थांबा म्हणालं?”

“नाही.”

“तू होतीस ना खाली?”

त्यांनी पेनचं टोपण लावलं, कागदाची घडी करून पिशवीत ठेवली आणि त्या चौघांना म्हणाल्या, “चला. सभागृह संपलं.” जिना उतरताना त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला. तो त्यांनी घ्यायला नको होता.

राजवाड्यांचा शब्द तीन दिवस टिकला. पुढच्या शनिवारी मुलं आली तेव्हा वरच्या खोलीला कुलूप होतं आणि पाट्या, गोष्टींची पुस्तकं, ती थालीपिठाची परात, सगळं जिन्याखाली बोचक्यात बांधलेलं होतं. ईशा तेव्हा धाकट्या मुलांना शिकवायला इंदूताईंना मदत करायची. ती घरी आली आणि दारातच म्हणाली, “आई, तू हात वर केली?” इतकी वर्षं मराठी शिकूनही शब्दांचं लिंग ती चुकते. मी नेहमी सुधारते. त्या दिवशी सुधारलं नाही.

ऑनलाइन वर्ग दोनदा भरला. इंदूताईंना स्क्रीनवर मुलांचे नुसते कपाळाचे वरचे भाग दिसायचे. मग त्यांनी गार्डन रीचच्या घरी वर्ग घेतला. सॉल्ट लेकहून तिथे कोण येणार? दोन बस, मग ऑटो. पहिल्या शनिवारी सहा मुलं, मग तीन, मग ईशा एकटी. इंदूताई तिला एकटीला शुद्धलेखन घालायच्या आणि अजून विचारायच्या, दिल्लीहून काही आलं का गं. मी प्रत्येक वेळी ईशाला सोडायला जायचे आणि खाली रस्त्यावर थांबायचे. वर गेले नाही. एकदा त्यांनी ईशाबरोबर थालीपीठ पाठवलं. बारा तुकडे केलेले, त्यातल्या एकावर लोणी.

गेल्या पावसाळ्यात त्या गेल्या. झोपेत, त्रास न होता. नागपूरचा पुतण्या येऊन सगळं आवरून गेला.

मंडळात शोकसभा झाली. राजवाड्यांनी भाषण केलं, आवाज दाटून वगैरे. इंदूताई म्हणजे आपल्या लोकशाहीची शाळा होत्या, असं म्हणाले. मग त्यांनी ठराव वाचला. मंडळ त्यांना श्रद्धांजली वाहत आहे, आणि वरच्या अतिथी कक्षाला ‘इंदूताई लांजेवार कक्ष’ असं नाव देण्यात येत आहे. पितळी पाटी तयारच होती, टेबलावर रुमालाखाली झाकलेली.

ज्या खोलीतून बाईला उठवलं, मुलांची पुस्तकं बोचक्यात बांधली, जिथे आता साहेब लोक एसी लावून झोपतात, त्या खोलीच्या दारावर तिचंच नाव! आणि समोर बसलेली माणसं डोळे पुसत होती.

“मंजूर?” राजवाडे म्हणाले.

“थांबा,” मी म्हटलं. “काहून?”

सगळे वळले. मागच्या रांगेत ईशा होती, तीही. राजवाडे हळू आवाजात म्हणाले, “वहिनी, शोकप्रस्तावाला कुणी विरोध करतं का?”

“विरोध नाही. थांबा म्हणतेय. तीस दिवस थांबा. ज्या मुलांचा वर्ग गेला त्यांना विचारा, ताईंचं नाव कुठे लावायचं.”

“कुणासाठी थांबायचं?” ते म्हणाले. “आता वर कोणी नाहीये.”

ते खरंच होतं. ते मीच केलं होतं. सगळे ‘मंजूर’ म्हणाले, दोन मिनिटं उभे राहिले, आणि निमाईदांनी चहा आणला. चिटणीस लॅपटॉप घेऊन माझ्याजवळ आले. “वहिनी, इतिवृत्तात तुमचं काय लिहू? बाजूने, विरोधी की तटस्थ?”

“थांबा, असं लिहा.”

“तसा रकाना नाही हो.”

“मग करा.”

त्यांनी केला नाही. आठ दिवसांनी व्हॉट्सअ‍ॅपवर इतिवृत्त आलं. ठराव मंजूर, एक तटस्थ. मी तो मोबाइल कितीतरी वेळ हातात धरून बसले. मी त्या दिवशी तटस्थ नव्हते. तटस्थ मला त्या बुधवारी राहायला हवं होतं. थांबा म्हणायचं धाडस नव्हतं तर नव्हतं, नुसता हात मांडीवर पडू दिला असता, तरी नऊच झाले असते.